नोटीस आली, उतारा गेला

पोलिसांची नोटीस शाखेत येते ती कधी हवालदाराच्या हातून, कधी ई-मेलने, आणि हल्ली बरेचदा मुख्य कार्यालयातल्या नोडल अधिकाऱ्याकडून फॉरवर्ड होऊन. दिसायला ती अगदी साधी असते. वर पोलीस ठाण्याचे नाव, उजवीकडे जावक क्रमांक आणि तारीख, खाली ‘प्रति, शाखा व्यवस्थापक’. मग गु.र.नं., लागलेली कलमे आणि मागण्यांची यादी: खाते उघडण्याचा अर्ज, केवायसीची कागदपत्रे, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, नेट बँकिंगचे आयपी लॉग, अमुक तारखेपासून आजपर्यंतचा उतारा. शेवटी ठरलेले वाक्य: माहिती तातडीने द्यावी, विलंब झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल. सही, गोल शिक्का. न्यायालयाचा शिक्का कुठेही नसतो. कायद्याला तो लागतही नाही.

शाखेत या नोटिसा हाताळण्याचे काम बरीच वर्षे माझ्या टेबलावर होते. बँकेतले काम म्हणजे नोटा मोजणे आणि कर्जे देणे असा लोकांचा समज असतो. तुमच्या आयुष्याचा हिशेब सरकारच्या हाती देणारा माणूसही त्याच काउंटरच्या मागे बसलेला असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

नोटीस हातात आली की आधी आवक शिक्का, मग रजिस्टरला नोंद, मग वाचन. वाचनाला खरे तर फार वेळ लागत नाही. पण गर्दीच्या दिवशी नेमके तेच राहून जाते. पहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पत्र खरोखर त्याच ठाण्याचे आहे ना? ई-मेल असेल तर सरकारी डोमेनवरून आला आहे की कुठल्या फुकटच्या मेलवरून? शंका आली की ठाण्याचा क्रमांक आपण स्वतः शोधायचा आणि फोन लावायचा. पत्रात छापलेल्या क्रमांकावर नाही. सही कुणाची आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 चा अधिकार न्यायालयाला आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आहे. प्रत्यक्षात पुष्कळ पत्रांवर तपासी अंमलदाराचीच सही असते. गुन्हा नोंदवला गेला आहे, की नुसती ‘अर्ज चौकशी’ चालू आहे? खाते क्रमांक आणि नाव जुळते का? आणि शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे: मागितलेला काळ किती आहे?

घोडे अडते ते इथेच. गुन्हा जूनमधला असतो, फसवणुकीची रक्कम एका दुपारी आलेली असते, आणि पत्रात लिहिलेले असते ‘खाते उघडल्यापासून आजपर्यंत’. कधी पत्रात काळ बरोबर दोन महिन्यांचा असतो, पण समोर उभा असलेला हवालदार म्हणतो, “मॅडम, साहेबांनी सांगितलंय, सगळंच काढून द्या. परत परत हेलपाटे कशाला?” त्याचेही चुकीचे नसते. त्याला पुढे आणखी दोन बँका करायच्या असतात आणि संध्याकाळी साहेबांना जबाब द्यायचा असतो. अशा वेळी ठरलेले उत्तर द्यावे लागते, “हवालदारसाहेब, पत्रात आहे तेवढंच देते. जास्त हवं असेल तर नवीन पत्र आणा.” बहुतेक जण कुरकुरतात आणि मान्य करतात. आणि जिथे असे उत्तर देणारे कुणी नसते, तिथे उतारा पहिल्या पानापासून छापून जातो.

पुढचे काम यांत्रिक आहे. सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीत, खाते क्रमांक टाकायचा, तारखा टाकायच्या, पीडीएफ काढायची, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही. सोबत 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालचे प्रमाणपत्र, की ही बँकेच्या नेहमीच्या कामकाजात ठेवलेल्या वहीची खरी नक्कल आहे. संगणकावरची नोंद असल्यामुळे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्रही जोडायचे. लखोटा बंद करायचा, पोच घ्यायची. खातेदाराला काही कळवायचे नाही. कलम 94 मध्ये तशी तरतूदच नाही.

आता तो उतारा जरा जवळून पहा. पूर्वी त्यात ‘रोख’, ‘चेक’, ‘व्याज’ एवढेच असायचे. यूपीआय आल्यापासून त्याची रोजनिशी झाली आहे. समजा, एका मध्यमवर्गीय घरचे खाते आहे. सकाळी दुधाचे पैसे, मग रिक्षा. तीन तारखेला औषधांचे दुकान, अकराशे चाळीस. सात तारखेला डायग्नोस्टिक सेंटर, साडेसहा हजार. त्याच आठवड्यात एका कॅन्सरतज्ज्ञाची फी. पंधरा दिवसांनी कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला दहा हजार. गावी आईला आठ हजार, दर सोमवारी देवस्थानाला एकावन्न, एका पक्षाच्या निधीला पाचशे. यातली एकही ओळ गुन्ह्याशी संबंधित नाही. पण हे पान वाचणाऱ्याला घरातल्या माणसांना ठाऊक नसलेल्या गोष्टी कळतात. शिवाय उताऱ्यात खातेदार एकटा नसतो. प्रत्येक ओळीत समोरच्याचे नाव आणि यूपीआय आयडी असतो. तो डॉक्टर, तो वकील, ती आई, यांच्या नावाने कुणी नोटीस काढलेली नसते. तरी त्यांची नावे तपासाच्या फायलीत जाऊन बसतात.

कायदा याकडे कसा पाहतो? 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुन्या फौजदारी संहितेतले कलम 91 तिथे कलम 94 झाले. आशय तोच: तपासासाठी एखादा दस्तऐवज ‘आवश्यक’ वाटला तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी आदेश द्यावा, आणि ज्याच्या ताब्यात तो आहे त्याने तो हजर करावा. झडतीचे वॉरंट वेगळे; ते न्यायालय काढते. पण बँक लेखी आदेशावरच कागद देऊन टाकते म्हटल्यावर वॉरंटपर्यंत जायची वेळच येत नाही.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. तुमच्या नावाचे पाकीट टपाल खात्याच्या ताब्यात असेल, तर ते तपासासाठी मिळवायला त्याच संहितेच्या कलम 95 प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा आदेश लागतो. पोलिसांना फार तर तो आदेश येईपर्यंत पाकीट थोपवून ठेवायला सांगता येते. म्हणजे मावशीने धाडलेल्या लग्नपत्रिकेला जे संरक्षण आहे, ते तुमच्या दहा वर्षांच्या व्यवहारांना नाही.

     

न्यायालयांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कुणालाही कागदपत्रे तपासण्याची, नकला घेण्याची मुभा दिली होती, आणि तिचा बडगा बँकांवरही आला. त्यावरून उभ्या राहिलेल्या कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये मिलर खटल्यात म्हटले होते की बँकेकडचे कागद बँकेचे, त्यावर ग्राहकाचा खासगीपणाचा दावा नाही. आपल्या न्यायालयाने ते मानले नाही. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नव्हे. कागद बँकेत ठेवला म्हणून तो संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवून या विचाराला बळ दिले. बँकेवरही गुप्ततेचे बंधन आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या 1970 च्या कायद्याचे कलम 13 तेच सांगते. पण कायद्याने मागितले तर द्यावेच लागते, हा त्या बंधनाला 1924 च्या टूर्नियर खटल्यापासून मान्य असलेला अपवाद आहे. आणि पोलिसांची नोटीस बिनदिक्कत त्या अपवादातून आत शिरते.

पोलिसांची बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. सायबर फसवणुकीत पैसा मिनिटांत फिरतो. पहिल्या खात्यातून चार खात्यांत, तिथून वीस खात्यांत, शेवटी एटीएममधून रोख. बँकेत याला ‘लेयर’ म्हणतात. निवृत्त शिक्षकाच्या आयुष्यभराच्या कमाईमागे धावताना प्रत्येक लेयरसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज करत बसले, तर हाती फक्त उतारे राहतील. म्हणूनच 1930 ही हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय पोर्टल आहे, आणि तिथे तक्रार पडताच बँकेला पुढच्या खात्यातली रक्कम रोखून ठेवायची सूचना जाते. यात लोकांचे पैसे वाचतात, हे मी पाहिले आहे.

पण पैसे थांबवणे वेगळे आणि माहिती देणे वेगळे. थांबवण्याला मिनिटांची घाई असते; पाच वर्षांच्या उताऱ्याला कसली घाई? तो उद्या दिला, दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने परवा दिला, तरी तो कुठे पळून जात नाही.

आणि खातेदाराला या साऱ्याची खबर लागते कधी? कार्ड चालेनासे झाले की. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर कुणीतरी तीनशे रुपयांची भाजी घेतलेली असते. ते तीनशे फसवणुकीच्या साखळीतले निघतात आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर त्याचे अख्खे खाते गोठते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. बँक खाते ही जप्त करता येण्याजोगी ‘मालमत्ता’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तापस नियोगी खटल्यात ठरवले. तो खटला महाराष्ट्र सरकारचाच होता. पण जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची, हेही जप्तीच्या कलमातच आहे. माहिती नेण्याला मात्र तेवढाही पहारेकरी नाही. गोठलेले खाते निदान बोंब मारते. गेलेला उतारा कधीच बोलत नाही.

अमेरिकेत मिलर निकालानंतर दोनच वर्षांत, 1978 मध्ये, तिथल्या काँग्रेसने कायदा करून केंद्रीय यंत्रणांवर खातेदाराला कळवण्याचे बंधन घातले. त्यात अपवाद पुष्कळ आहेत, तपासाला बाधा येत असेल तर कळवणे पुढे ढकलता येते. तरीही ‘कळवणे’ हा नियम आहे आणि ‘न कळवणे’ हा अपवाद. आपल्याकडे उलटे आहे.

माझ्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. पैसे रोखण्याची सोय पोलिसांकडे आहे तशीच राहू द्यावी. ठरावीक काळापलीकडचा उतारा हवा असेल तर दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. आणि तपासाला बाधा नसेल तेव्हा, निदान काही महिन्यांनी, खातेदाराला कळवावे की तुमची अमुक माहिती अमुक ठाण्याला दिली. यातले पहिले आज आहे, बाकीची दोन नाहीत.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे: तुमचे खाते गोठले तर शाखेत वाद घालत बसू नका. कोणत्या ठाण्याची नोटीस, तारीख काय, तक्रारीचा पोचक्रमांक कोणता आणि रोखलेली रक्कम किती, हे लेखी मागा. तो कागद घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि बँकेत माझ्या जागी आज बसलेल्यांना: नोटीस पूर्ण वाचा, मागितले तेवढेच द्या, आणि काय दिले त्याची नोंद ठेवा. न्यायाधीश तिथे नाही, तोवर ते काम तुमचे आहे.