लैंगिक गुन्हे : पोलीस नोंद व न्यायनिर्णय (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

बलात्कार, विनयभंग, बालकांवरील लैंगिक अत्याचार इ. गुन्ह्यांची फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदविली गेल्यापासून न्यायालयाचा अंतिम निर्णय लागेपर्यंतची प्रक्रिया व तिची फलनिष्पत्ती. पुणे शहराच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, तळेगाव व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या प्रक्रियेवर स्थानिक परिस्थितीची छाप दिसते. कारखान्यांतील रात्रपाळी, ठेक्याच्या गाड्यांतून होणारी कर्मचाऱ्यांची ने-आण आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारा परप्रांतीय कामगारवर्ग हे तिचे प्रमुख घटक होत. २०१८ पर्यंत हा पट्टा दोन पोलीस दलांत विभागलेला होता. पिंपरी, भोसरी, निगडी, हिंजवडी ही ठाणी पुणे शहर आयुक्तालयाकडे, तर चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी पुणे ग्रामीण दलाकडे होती. १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्वतंत्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले.

नोंदीविषयीच्या कायद्याचा इतिहास महाराष्ट्राशीच निगडित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ रोजी एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, यावरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर जे लोकमत जागृत झाले, त्यातून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. बंद दालनातील सुनावणी व पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी या तरतुदी तेव्हापासूनच्या आहेत. २०१३ च्या दुरुस्तीने महिला अधिकाऱ्याने फिर्याद घेणे आवश्यक केले आणि फिर्याद नोंदविण्यास नकार देणारा पोलीस कर्मचारी स्वतःच गुन्हेगार ठरू लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. राहण्याची खोली एका ठाण्याच्या, कारखाना दुसऱ्याच्या आणि घटनास्थळ तिसऱ्याच्याच हद्दीत असे जेथे सहज घडते, तेथे या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या परिसरातील सर्वांत गाजलेला खटला गहुंजे (ता. मावळ) येथील होय. १ नोव्हेंबर २००७ रोजी रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीवर कंपनीने नेमलेल्या गाडीचा चालक व त्याचा साथीदार यांनी बलात्कार करून तिचा खून केला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोघांना फाशी सुनावली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने व २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचे अर्ज राज्यपालांनी २०१६ मध्ये व राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये फेटाळले. त्यानंतर जून २०१९ पर्यंत फाशीची अंमलबजावणी झाली नाही आणि या अक्षम्य दिरंगाईच्या कारणावरून उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ती शिक्षा ३५ वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. गुन्हा व अखेरचा निर्णय यांत सतरा वर्षे गेली. विशेष हे की, यांतील विलंबात कागदपत्रे पुढे सरकविणाऱ्या शासकीय कार्यालयांचाही वाटा होता. ऑक्टोबर २००९ मध्ये पुण्यातील खराडी येथून घरी निघालेल्या संगणक अभियंता स्त्रीचे अपहरण झाले व तिचा मृतदेह खेड तालुक्यात सापडला. या खटल्यातही माफीच्या साक्षीदाराची साक्ष होऊन तिघांना फाशी सुनावली जाण्यास मे २०१७ उजाडले. मध्यंतरी एक आरोपी पोलिसांच्या ताब्यातून पळाला होता, तो २०१३ मध्ये पुन्हा पकडला गेला.

तथापि या खटल्यांवरून नित्याच्या खटल्यांची कल्पना करणे चुकीचे ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या परिचयाचा, म्हणजे नातेवाईक, शेजारी, घरमालक, मुकादम किंवा लग्नाचे वचन दिलेला पुरुष असतो. फिर्याद बहुधा काही दिवस वा महिने उलटून गेल्यावर येते. तोपर्यंत वैद्यकीय पुरावा नष्ट झालेला असतो व सारी भिस्त पीडितेच्या जबानीवर राहते. बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत व बालकांसंबंधीचे खटले शक्यतो एका वर्षात पूर्ण करण्याचे बंधन आहे; प्रत्यक्षात सुनावणी पुष्कळदा वर्षानुवर्षे लांबते. तोवर कामगार कुटुंब खोली सोडून दुसऱ्या वसाहतीत वा बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा येथील आपल्या गावी गेलेले असते. समन्स परत येते, पंच सापडत नाहीत, नातलगांच्या दबावाने साक्षीदार फितूर होतात. देशात निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी अलीकडच्या वर्षांत जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक खटल्यांतच शिक्षा झाली आहे. निर्दोष सुटका म्हणजे फिर्याद खोटी, असा जो अर्थ सर्रास लावला जातो, तो म्हणूनच ग्राह्य नाही.

नोंदींच्या संख्येबाबतही अशीच सावधगिरी हवी. देशातील बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये २४,९२३ होत्या, त्या २०१३ मध्ये ३३,७०७ झाल्या. ही वाढ मुख्यतः दिल्लीतील घटनेनंतर स्त्रिया ठाण्यात येऊ लागल्याची आणि व्याख्या व्यापक झाल्याची निदर्शक आहे. एखाद्या ठाण्याच्या हद्दीतील कमी आकडा सुरक्षिततेचा असेल, किंवा फिर्यादी दारातूनच परतल्याचा असेल. वार्षिक तक्त्यावरून हे दोन्ही सारखेच दिसतात.