कुंडीतला लसूण

दिवाळीच्या आसपासची थंडी लागली की लसूण लावायला घ्यायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडचा खरा हंगाम. वीतभर खोल कुंडी, नाहीतर भाजीचा जुना क्रेट चालतो. माती भुसभुशीत हवी, निम्मं शेणखत किंवा गांडूळखत घाला. पाणी साचलं की पाकळ्या कुजल्याच म्हणून समजा.

गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या जाड पाकळ्या निवडा. साल काढू नका. टोक वर, बुडखा खाली, दोन-तीन सेंटीमीटर खोल आणि दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला वापरा. बियाण्याला राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण मिळाले तर उत्तमच.

लसणाला ऊन भरपूर लागतं, पण गड्डा भरायला आधी थंडीही लागते. मुंबई-कोकणात ती कमी पडते, त्यामुळे कधीकधी पाकळ्या न पडता एकच गोल कांदी धरते. तिथे मी तर म्हणेन, पातीसाठीच लावा! हिरवी पात, मिरची, दाणे आणि मीठ ठेचून भाकरीबरोबर खाऊन बघा. पण गड्डा हवा असेल त्या रोपाची पात कापू नका, गड्डा पोसतो तो पातीवरच.

साधारण चार-पाच महिन्यांनी पात पिवळी पडून माना टाकते. तेव्हा लसूण काढायचा; काढणीआधी दहा-बारा दिवस पाणी तोडा. उपटलेला लसूण पातीसकट जुडी बांधून सावलीत, वाऱ्यावर टांगा.