मालकाची नजर, कारागिराचा हात

पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कंपन्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांना सुटे भाग पुरविणारे भोसरी, चिखली, चाकणचे छोटे कारखाने हाच या पट्ट्याचा खरा कणा. दहा-पंधरा कारागीर, दोन-चार लेथ, एखादे सीएनसी आणि स्वतः मालक. अशा ठिकाणी एक रोग सर्रास आढळतो. मालक प्रत्येक बारीकसारीक कामात हात घालतो. व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'मायक्रोमॅनेजमेंट' म्हणतात.

याला केवळ मालकाचा स्वभाव कारण नाही. मोठ्या कंपन्या माल साठवून ठेवीत नाहीत, लागेल तसा मागवितात. एक खेप चुकली तर त्यांची लाइन अडते, नग खराब निघाले तर सारा लॉट परत येतो. ही धास्ती मालक कारागिरावर उतरवितो. आता तर कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर दिसते. म्हणून घरी जेवता जेवताही "तो मशीन सोडून कुठे गेला?" असा फोन जातो.

नुकसान कसे होते ते पाहा. सेटरला टूल बदलायचे असते. मागे न विचारता बदलले म्हणून त्याने बोलणी खाल्लेली असतात. तेव्हा तो मालकाची वाट पाहत उभा राहतो, नाहीतर बोथट टूलवरच नग काढत राहतो. बिघडलेले नग दाखविण्याची हिंमत होत नाही. ते खोक्याच्या तळाशी जातात आणि कंपनीच्या तपासणीत वर येतात. ज्या भीतीने मालक डोक्यावर उभा राहिला, नेमके तेच घडते! हुशार कारागीर हे फार दिवस सोसत नाही. त्याला शेजारच्या गाळ्यातही काम मिळते. मागे उरतात ते 'हो जी, हो जी' करणारे.

प्रकृतीवरही परिणाम होतो. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1985 साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात, ज्यांना आपल्या कामाबद्दल ठरविण्याची मुभा कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला.

आम्ही कापडवाले, म्हणून आम्हाला मागाचे उदाहरण जास्त पटते. जपानच्या साकिची टोयोदांनी 1924 साली जो स्वयंचलित माग तयार केला, तो धागा तुटताच आपोआप थांबत असे. प्रत्येक मागापाशी माणूस उभा करण्याची गरज उरली नाही. एकच विणकर अनेक माग सांभाळू लागला. त्याच घराण्याने 1937 साली टोयोटा मोटार कंपनी काढली. पुढे तेथे दोष दिसताच लाइन थांबविण्याची दोरी साध्या कामगाराच्या हाती आली. दोष दाखविणाऱ्यावर ओरडायचे नाही, दोष कुठून आला ते शोधायचे, अशी तिथली रीत.

याचा अर्थ हिशेब सोडावा असा नव्हे. आमच्या व्यापारी बंधूंनी पहिला नग स्वतः तपासून पास करावा. मग कारागिराच्या हाती गेज द्यावे, किती नगांनंतर मोजायचे ते लिहून द्यावे, आणि टूल केव्हा बदलायचे, मशीन केव्हा थांबवायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. खराब नगांसाठी लाल रंगाचा वेगळा डबा ठेवावा व त्यात नग टाकणाऱ्याची मजुरी कापू नये. संध्याकाळी नोंदवही बघावी. नव्या पोराची गोष्ट वेगळी, त्याच्याजवळ काही महिने उभे राहावेच लागते. कॅमेरा मात्र गेटवर आणि गोदामावर पुरे.