जीभ साफ, तरी आग

भालकी, औराद, आळंद या सीमाभागात तोंडाची आग होऊ लागली की निदान घरातच होतं: ‘उष्णता वाढली.’ मग सब्जा, गुलकंद, ताक. तोंड आलं असेल तर ते आठ-दहा दिवसांत बरंही होतं. पण एखाद्या बाईच्या जिभेचा शेंडा महिनोन्‌महिने गरम चहानं पोळल्यासारखा हुळहुळतो. आरशात पाहावं तर जीभ गुलाबी, साफ. घरचे म्हणतात, ‘तुझ्या मनाचे खेळ.’ हा अन्याय आहे. आग खरी असते.

याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. रोज २ तासांहून जास्त आणि ३ महिन्यांहून अधिक काळ आग, पण दिसत काहीच नाही. पाळी गेलेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. इटलीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा रुग्णांच्या जिभेचा कणभर तुकडा तपासला, तेव्हा त्यातले बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले.

ही आग बहुधा सकाळी कमी असते, दिवस कलेल तशी चढते आणि जेवताना पुष्कळांना निवल्यासारखी वाटते. उलट, भाकरी-ठेच्याचा पहिला घास घेताच भडका उडत असेल, तर आधी सुपारीची चौकशी करावी. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण नुसती सुपारीही गालाचं आतलं अस्तर ताठ, पांढुरकं करते. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावत नसतील, तर दंतवैद्याकडे लगेच जावं. या दुखण्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

याशिवाय बी-१२ आणि लोहाची कमतरता, मधुमेह, थायरॉइड, कवळीखालची बुरशी यांनीही तोंड जळतं. निव्वळ शाकाहारी घरात, त्यातही मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ तपासायलाच हवं. एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळीही कधी कारण ठरते. म्हणून चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात. गोळी मनानं बंद करू नये.

कारण सापडलं तर इलाज त्याचाच. काहीच सापडलं नाही, तर डॉक्टर कधी क्लोनाझेपामची गोळी देतात. ती गिळायची नसते. आग होते तिथं लाळेसकट ३ मिनिटं धरून थुंकून टाकायची. सगळ्यांची आग विझत नाही, पण काहींची बरीच उतरते.