कोर्ट उठेपर्यंत कैद

सकाळचे साडेअकरा. मेट्रोच्या जिल्हा न्यायालय स्थानकातून माणसं बाहेर येताहेत आणि त्यातली निम्मी शिवाजीनगर न्यायालयाच्या फाटकात शिरताहेत. झाडाखालच्या टायपिस्टांच्या टेबलांवर टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप आलेत, प्रतिज्ञापत्राची भाषा मात्र तीच आहे. मी एका वकील मैत्रिणीच्या टेबलाशी बसलोय. किरकोळ फौजदारी कामं ती बरीच वर्षं करते. अलीकडे तिच्याकडे अशी माणसं येऊ लागलीत ज्यांची केस केव्हाच संपलीय, दंड भरून झालाय, आणि तरीही त्या केसचे कागद हवे आहेत. कारण त्यांना परदेशी जायचंय.

समोर एक जोडपं बसलंय. तो सॉफ्टवेअरमधला, ती नर्स. कॅनडात कायम राहण्यासाठीचा अर्ज तिच्या नावावर आहे. तो नवरा म्हणून सोबत जाणार.

"विशेष काही नाही मॅडम," तो म्हणतो. "थर्टीफर्स्टची केस आहे."

३१ डिसेंबर २०२२ची रात्र, नाकाबंदी, दुचाकी, तोंडासमोर धरलेलं मशीन. दोन बिअर घेतल्या होत्या, असं तो सांगतो. या कोर्टात दोनच्या वर बिअर कुणीच घेतलेली नसते, हे मला इथं बसून कळलंय.

"कबूल केलंत?"

"हो. तिथल्या एका वकिलांनी सांगितलं, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. दहा हजार भरले."

"शिक्षा?"

"शिक्षा नाही मॅडम. नुसता दंड."

"घरी किती वाजता गेलात?"

"संध्याकाळी. मागच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. मोबाइलवर सिनेमा बघत बसलो."

मैत्रीण वहीत काहीतरी टिपते, बोलत नाही. बायको पर्समधून प्लास्टिकचं पाकीट काढून टेबलावर ठेवते. आत पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आहे, पाचशे रुपये फी भरून मिळालेलं. त्यात त्याच्याविरुद्ध काहीही नाही.

"आमचा एजंट म्हणतो," तो जरा धीर येऊन सांगतो, "पीसीसी क्लिअर आहे ना, मग फॉर्ममध्ये 'नाही'वर टिक करा."

"त्या एजंटला फी दिलीत?"

"अर्धी."

"उरलेली देऊ नका." मैत्रीण पेन खाली ठेवते. "पीसीसी म्हणजे पोलिसांच्या नोंदीत काय आहे ते. फॉर्म पोलिसांना विचारत नाही, तुम्हाला विचारतो. कधी अटक झाली का, आरोप ठेवला का, दोषी ठरलात का, कुठल्याही देशात. तिथं 'नाही' लिहिलंत आणि उद्या हे निघालं, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद. दारूच्या केसला काही ना काही वाट असते. खोट्याला नसते."

"पण अर्ज माझा आहे," बायको पहिल्यांदाच तोंड उघडते.

"सोबत येणारा नवरा अपात्र ठरला की तुम्हीही ठरता. कलम ४२."

ती नवऱ्याकडे बघत नाही. तो टेबलावरच्या स्टॅम्पच्या डबीकडे बघतो.

मग मैत्रीण तिचा नेहमीचा पाठ सुरू करते. आपल्या कोर्टानं किती दंड केला याच्याशी कॅनडाला फारसं देणंघेणं नसतं. तेच कृत्य कॅनडात घडलं असतं तर तिथल्या कायद्यानं तो कोणता गुन्हा ठरला असता, हे ते बघतात. दारू पिऊन गाडी चालवण्याची तिथली कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८पर्यंत पाच वर्षं होती. त्या दिवसापासून ती दहा वर्षं झाली आणि हा गुन्हा 'गंभीर'च्या रकान्यात गेला. त्याआधीचा असा एखादा गुन्हा शिक्षा भोगून दहा वर्षं उलटली की आपोआप धुतला जाऊ शकतो. नंतरच्यांना ती सवलत नाही. शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षं थांबा, मग पुनर्वसनाचा अर्ज करा आणि तो मंजूर होण्याची वाट बघा. याचा दंड जानेवारी २०२३ मध्ये भरला गेलाय, म्हणजे २०२८ उजाडेपर्यंत त्याला तो अर्जसुद्धा करता येत नाही.

"एका रात्रीसाठी?" तो म्हणतो.

खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. नाकाबंदीच्या पलीकडे रस्ता ओलांडणारं कुणी असतं, हे आपण थर्टीफर्स्टला विसरतो आणि कॅनडा विसरत नाही. त्यात कॅनडाचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. वाईट वाटतं ते बायकोचं.

"एक रस्ता आहे," मैत्रीण म्हणते. "मशीनवर आकडा किती आला होता?"

दोघं एकमेकांकडे बघतात. "आठवत नाही. साठ... नव्वद?"

साठ आणि नव्वद यांच्यामध्ये अख्खा कॅनडा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं की गुन्हा. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ही रेषा ८० वर आहे. म्हणजे आपल्या कोर्टात दोषी ठरलेला माणूस त्या आकड्यापुरता तिथं गुन्हेगारच ठरत नाही, असं होऊ शकतं. पण त्यासाठी आकडा कागदावर दाखवावा लागतो, आणि तो कागद या घरात नाही. दंडाची पावतीही नाही. घरी कळू नये म्हणून त्यानं ती तेव्हाच फाडून टाकली.

ज्युनियर मुलगा ई-कोर्ट्सवर नाव टाकतो. त्याच नावाचे दोन आरोपी निघतात. एकावर चेक न वटल्याची केस आहे, तो हा नव्हे. दुसऱ्याचा एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केसचा, नंबर मिळतो. नक्कल मिळायला काही दिवस लागतील, पण रेकॉर्ड पाहणीचा अर्ज आत्ता देता येईल. कोर्ट फीचे स्टॅम्प चिकटवून आम्ही सगळे निघतो.

खिडकीशी रांग आहे. पुढे पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उभे आहेत, हातात पिशवी. मुलगी न्यू जर्सीला असते, तिचं बाळंतपण आहे, दोघांना व्हिसा काढायचाय. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का असं विचारलंय, माफी मिळालेली असली तरी सांगा म्हणून. आणि यांना झाली होती. गणपतीत मंडपामागे पत्ते खेळताना.

"तीस वर्षं झाली," ते मला सांगतात. "सात जणांना धरलं. दंड मंडळानंच भरला. दुसऱ्या दिवशी आरतीला आम्ही हजर."

तो जुगारबंदीचा कायदा १८८७चा, सार्वजनिक गणेशोत्सवापेक्षाही जुना. खिडकीतला कारकून सांगतो की इतक्या जुन्या किरकोळ केसचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झालेत. आजोबांचा चेहरा खुलतो. माझी मैत्रीण मागून म्हणते, "काका, खूश होऊ नका. रेकॉर्ड नष्ट झाल्याचा दाखला लेखी मागून घ्या. फॉर्ममध्ये 'हो' लिहा, दाखला सोबत न्या आणि व्हिसाच्या खिडकीवर विचारलं तर आत्ता सांगितलंत तसंच सांगा." आजोबा पिशवीतून कोरा कागद काढतात आणि ज्युनियरला म्हणतात, "तूच लिही बाळा, माझं अक्षर कोर्टाला चालायचं नाही."

रांगेत मला बीटल्सचा जॉन लेनन आठवतो. लंडनमध्ये १९६८ साली थोडासा चरस सापडल्याची त्यानंही अशीच कबुली दिली आणि १५० पौंड दंड भरून प्रकरण मिटवलं. १९७२ मध्ये अमेरिकेनं त्याला हाकलण्यासाठी हाच कागद पुढे केला. खरं कारण राजकीय होतं असं बरेच जण मानतात, पण कागद होता म्हणून ते शक्य झालं. ग्रीन कार्ड मिळायला १९७६ उजाडलं. लेननच्या वकिलांना जे नंतर निस्तरावं लागलं, ते इथं रोज डझनावारी लोक तासाभरात उरकून घरी जातात.

दुपारी तीनच्या सुमाराला गठ्ठा येतो. गठ्ठा कसला, दोऱ्यानं टाचलेली चार-पाच पानं. पहिल्याच पानाला मशीनची चिठ्ठी स्टेपल केलेली आहे. बसच्या तिकिटासारखा गुळगुळीत कागद, जवळजवळ कोरा. शाई उडालीय. मैत्रीण चिठ्ठी खिडकीच्या उजेडात तिरकी धरते. तारीख दिसते, त्याची सही दिसते, कारण ती पेनानं केलीय. आकडा दिसत नाही.

कुणीच बोलत नाही. मग ज्युनियर पुढचं पान उलटतो. कारवाई करणाऱ्या हवालदारानं अहवालात निळ्या पेनानं, बऱ्या अक्षरात लिहिलंय: ६४.

"त्या हवालदाराला पेढे द्या," मैत्रीण म्हणते. बायको खुर्चीत बसते, आणि पाण्याची बाटली उघडायला तिला दोनदा जोर लावावा लागतो.

"म्हणजे झालं ना?" तो विचारतो.

"नाही झालं." आकडा ८०च्या खाली असला तरी दारूमुळे गाडीवरचा ताबा कमी झाला होता, एवढ्यावरूनही तिथं गुन्हा ठरू शकतो, त्याला आकडा लागत नाही. म्हणून अहवालात अपघात नाही, गाडी वेडीवाकडी चालवल्याचा शेरा नाही, कुणाची तक्रार नाही, हे सगळं दाखवावं लागेल. सगळ्या कागदांचा इंग्रजी अनुवाद, त्यावर प्रतिज्ञापत्र, कॅनडातल्या परवानाधारक वकिलाचं मत. शेवटी ठरवणार तिथला अधिकारी.

आणि शेवटचं पान रोजनाम्याचं. तो स्वतःच मोठ्यानं वाचायला लागतो. "आरोपी हजर. गुन्हा कबूल. आरोपीस कोर्ट उठेपर्यंत साधी कैद व रुपये दहा हजार दंड..." तो थांबतो. "कैद? मॅडम, मी बाकावर बसलो होतो."

"तीच ती कैद."

"मला कुणी सांगितलंच नाही."

हे मात्र मी खरं मानतो. निकाल पुटपुटला जातो, पुढच्याचं नाव पुकारलं जातं, सुचवणारा वकील दुसऱ्या अशिलाकडे वळलेला असतो. 'मोकळे व्हा' म्हणणारा कुणीही असं सांगत नाही की ही कबुली म्हणजे दोषसिद्धी आहे आणि सज्ञान माणसाची अशी नोंद काही वर्षांनी आपोआप पुसणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अल्पवयीनांना बाल न्याय कायद्यात ती सोय आहे, बाकीच्यांना नाही. तुंबलेले खटले निघावेत म्हणून कोर्टालाही कबुली सोयीची असते. निदान आरोपीच्या हातात निकालाची एक प्रत पडावी, एवढी तरी अपेक्षा फार नाही.

फॉर्ममध्ये कधी कैद झाली का असाही एक प्रश्न आहे. त्यालाही आता 'हो' लिहावं लागणार. बायको पेन मागून घेते आणि स्वतः खूण करते.

तुमच्या घरात कुणी अशी केस कबूल करून, दंड भरून आलं असेल आणि पुढेमागे बाहेरदेशी जाण्याचा विचार असेल, तर व्हिसाच्या आधी नकलेचा अर्ज करा. रोजनामा, निकाल आणि पोलिसांचा अहवाल, तिन्ही घ्या. मशीनची चिठ्ठी हातात असेल तर तिची आजच झेरॉक्स काढा. त्या कागदावरची शाई काही वर्षांत उडते.