न दुखणारी जखम

सोयाबीन सोंगून झालं की वावरात धसकटं उरतात, तिरपी आणि धारदार. पाय कापला की यवतमाळकडचा माणूस आधी धुऱ्याकडे बघतो. तिथं दगडीपाला असतोच. जमिनीलगत पसरलेली खरबरीत पानं, उंच दांडीवर पांढुरक्या पाकळ्यांचं पिवळं फूल. चार पानं तळहातावर चोळायची, हिरवा रस जखमेत पिळायचा, चोथा वर दाबून धरायचा. केळापूरच्या वावरांपासून झरी-जामणीच्या कोलाम पोडांपर्यंत, म्हणजे वस्त्यांपर्यंत, हे लेकरांनाही ठाऊक असतं.

या पाल्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो मूळचा इथला नाही, उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेला आहे. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत तो असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी हे परकं तण जखमेवर लावून पाहिलं, गुण आला म्हणून शेजाऱ्याला सांगितलं. म्हणजे ही परंपरा पारखून घेतलेली आहे. फक्त ती पारख झाली दुखणाऱ्या जखमांवर.

मधुमेहाची जखम पुष्कळदा दुखतच नाही. वर्षानुवर्षं चढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते, रक्तपुरवठा आटतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. धसकट रुतल्याचं कळतं ते संध्याकाळी, चप्पल ओलसर चिकट लागल्यावर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि हा आजार आता फक्त शहरांचा राहिलेला नाही.

प्रयोगशाळेत वनस्पतीची परीक्षा होते ती ताटलीत. जंतू पसरायचे, मधल्या खाचेत अर्काचा थेंब सोडायचा, भोवती स्वच्छ कडं उमटलं की जंतू वाढले नाहीत. हळद, कडुनिंब, दगडीपाला अशा कित्येकांनी असं कडं दाखवलेलं आहे. पण तो अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला, घट्ट केलेला असतो. तळहातावरचा रस तसा नसतो. शिवाय पायातले जंतू चिकट थराखाली दडून बसतात. भारतातल्या मधुमेही जखमांत स्यूडोमोनाससारखे जंतू वारंवार सापडतात, आणि त्यांच्या दुहेरी कवचातून वनस्पतींची द्रव्यं सहसा आत शिरत नाहीत.

तरीही वनस्पतींना कमी लेखू नये. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीत आणि दारुहळदीत बर्बेरिन हे पिवळं द्रव्य असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू ते आत येताच पंपाने उपसावं तसं बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाला दिसलं, की दारुहळदीच्या अमेरिकी भावंडात बर्बेरिनच्या जोडीला दुसरं एक द्रव्य असतं. ते स्वतः जंतू मारत नाही. जंतूचा तो पंपच बंद पाडतो. एकाच झाडात बाण आणि ढाल फोडणारा, दोन्ही! प्रतिजैविकं हात टेकत असताना अशा जोड्या आपल्या रानात शोधायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

जखमेवर हळद वापरण्याच्या पेटंटची लढाई आपण अभिमानाने सांगतो. १९९५ साली दिलं गेलेलं ते अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवलं. त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपलं आणि जुनं आहे. मधुमेहाने बधिरलेल्या पायावर हळद चालते की नाही, हा प्रश्न त्या लढाईत नव्हताच. मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ मध्ये सांगितलं, की केवळ जखम भरावी म्हणून वनस्पतीयुक्त ड्रेसिंग वापरू नये. पुरावा अपुरा आहे.

मला खरी धास्ती बिब्ब्याची वाटते. काटा रुतला, टाचेला भेगा पडल्या, की बिब्बा तापवून त्याचं काळं तेल लावतात. धडधाकट माणूस चटका बसताच पाय मागे घेतो. बधिर पाय तिथंच राहतो, फोड येतो, फुटतो, आणि जंतूंना नवं दार मिळतं. धुऱ्यावरून उपटलेल्या पाल्यासोबत मातीतले धनुर्वाताचे बीजाणूही येऊ शकतात. अशा पायाला स्वच्छ पाणी, कोरडं स्वच्छ कापड आणि त्याच दिवशी दवाखाना लागतो. मेलेलं मांस काढणं, पायावरचा भार काढणं, साखर आवरणं ही कामं कुठलाच पाला करत नाही.

पाय बधिर आहे का, हे पाहायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. डोळे मिटायला सांगून तो तळपायाला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा. दहा ग्रॅमचा भार. लागलं की माणसाने सांगायचं. हा तंतू आशाताईंच्या पिशवीत सहज मावतो. कापूस वेचायला वावरात उतरण्याआधी तो पोडापोडावर फिरायला हवा.