शटर जड झालंय? आधी स्प्रिंग बघा, मग खांदा

कानात इयरफोन घालायला वेळ नाही, पण बसमध्ये बसून वाचायला जमतं, अशा सगळ्यांसाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय आहे आपल्या डोक्यावरचा. म्हणजे खरंच डोक्यावरचा. दुकानाच्या किंवा घरातल्या पार्किंगच्या शटरमधली स्प्रिंग.

आमचं अर्धापूरला मेन रोडवर छोटं किराणा दुकान आहे. अर्धापूर म्हटलं की लोकांना केळी आठवतात, मला मात्र सकाळी सातला उघडणाऱ्या शटरचा खडखडाट आठवतो. मागच्या वर्षी तो आवाज बदलला. आप्पा शटर उचलताना मधेच थांबायचे, गुडघा लावायचे, मग पुन्हा जोर करायचे. रात्री खांद्याला बाम. आई म्हणायची, "वय झालं आता." मीही तेच म्हणालो. आप्पांनी पण ते मान्य करून टाकलं, ह्याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

एक दिवस शटर छातीपर्यंत आलं आणि धाडकन खाली बसलं. आप्पांचा पाय थोडक्यात वाचला. मी लगेच यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला, शेजाऱ्याकडून पाईप पाना आणला आणि स्टुलावर चढलो. पाईपच्या टोकाला ब्रॅकेटवर जो क्लॅम्प असतो, त्याच्या नटाला पाना लावला. तेवढ्यात आप्पांनी बोलावलेले मिस्त्रीमामा आले आणि खालूनच ओरडले, "अरं, हात काढ आधी! कुणी सांगितलं तुला ते ढिलं करायला?"

मी म्हणालो, "मामा, शटर तर बंदच आहे की."

"म्हणूनच तर! बंद शटरची स्प्रिंग झोपलेली नसती पोरा, दबा धरून बसलेली असती." आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. करंगळी अर्धीच होती. शिकाऊ असताना नट सैल केला, पाईप गर्रकन फिरला, पान्यासोबत बोट गेलं.

आता हे असं का होतं, ते नीट समजून घेऊ.

शटर उचलतं कोण?

शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या. साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर सपाट पत्र्याचंच वजन चौरस मीटरला 7 किलो भरतं. पट्टीला गोलाई असते, कडा एकमेकांत गुंतलेल्या असतात, खाली जाड पट्टी आणि अँगल असतो. त्यामुळं आमचं 8 फूट बाय 8 फुटांचं शटर 60 किलोच्या आसपास जातं. म्हणजे सिमेंटच्या एका पोत्यापेक्षा जास्त. तरी ते एका हातानं वर जायला पाहिजे. कारण ते आपण उचलतच नाही, स्प्रिंग उचलते.

वर जो आडवा पाईप दिसतो, तो जागेवर घट्ट असतो. त्याच्यावर पुल्या फिरतात आणि पुलीत स्प्रिंग असते. कुठं जाड तारेची गुंडाळी, तर कुठं जुन्या घड्याळातल्यासारखी चपटी पट्टी. शटर खाली ओढलं की पुली फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर ढकललं की तो पीळ सुटतो आणि शटरला वर घेतो.

ह्यातली गंमत बघा. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लटकलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच स्प्रिंगला सगळ्यात जास्त पीळ असतो. शटर वर जातं तसं वजन पाईपवर गुंडाळलं जातं, लटकणारं ओझं कमी होतं, आणि पीळही कमी होतो. दोघं बरोबरीनं वाढतात, बरोबरीनं घटतात. म्हणून चांगलं शटर अर्ध्यावर सोडलं तरी बऱ्यापैकी जागेवर थांबतं.

म्हणजे मी ज्या वेळी नटाला पाना लावला, ती सगळ्यात वाईट वेळ होती. आणि शटर पूर्ण वर असलं तरी पीळ शून्य होत नाही. थोडा ताण मुद्दाम ठेवलेला असतो.

मग आप्पांचा खांदा का दुखत होता?

आमच्या शटरला तीन स्प्रिंगा होत्या. मामांनी खोलल्यावर दिसलं, एक तुटलेली. तुटलेली जागा गंजून काळी पडली होती, म्हणजे ती आजची नव्हती. हिशोब करा. 60 किलो तिघींत वाटले तर एकीच्या वाट्याला 20. एक गेली, म्हणजे रोज सकाळी साधारण 20 किलो थेट आप्पांच्या खांद्यावर. वय नाही, स्प्रिंग!

स्प्रिंग तुटते कशी? एकाच दणक्यात नाही. तार पुन्हा पुन्हा पिळली की तिच्यात बारीक चीर पडते, ती रोज थोडी वाढते, आणि एक दिवस कट्. गंज असला तर चीर लवकर पडते. अमेरिकेत घराच्या गॅरेजला जे वर जाणारे दरवाजे असतात, त्यांच्या साध्या स्प्रिंगा साधारण 10,000 फेऱ्यांच्या हिशोबानं बनवतात. एकदा उघडून बंद, म्हणजे एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षं पण होत नाहीत. आपल्या शटरची स्प्रिंग वेगळी असते, तोच आकडा तिला लागू नाही. पण आमच्या दुकानात सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, अशा दोन फेऱ्या. शटर 14 वर्षांचं. गुणाकार केला तर 10,220. मी कपाळाला हात लावला.

मामांनी काय केलं?

एका माणसाला सोबत घेतलं. दोघांनी शटर वर नेलं, गुंडाळी दोरानं घट्ट बांधली, खाली टेकू दिला. मग दोन पाने लावले. एकानं पाईप धरून ठेवायचा, दुसऱ्यानं क्लॅम्प सैल करायचा. पीळ एकदम सोडला नाही, थोडा थोडा मोजून सोडला. नंतर पाईप खाली घेतला, पुल्या साफ केल्या आणि तिन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या.

मी विचारलं, "तुटली एक, मग तिन्ही का?"

"तिघींचं वय एकच हाय की. आज एक टाकली, तर चार महिन्यांनी पुन्हा मला बोलावशील."

शेवटी पीळ भरून त्यांनी शटर गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत नेऊन सोडून बघितलं. आप्पांना म्हणाले, "दादा, आता तुम्ही उघडा." आप्पांनी सवयीनं दोन्ही हातांनी जोर लावला आणि शटर सरकन वर गेलं. ते स्वतःच दोन पावलं मागं सरले. मग हसले. बऱ्याच दिवसांनी.

आपण काय करायचं, काय नाही

आपण करण्यासारखं:

- गाईड चॅनलमधली माती, कागद, पानमसाल्याच्या पुड्या काढा. कोरड्या फडक्यानं पुसून हलकं तेल द्या. जाड ग्रीस थापलं की धूळ चिकटते.
- शटर नेहमी मधोमध धरून उचला. आकडीनं एकाच बाजूनं ओढलं की ते तिरकं चालतं.
- दोन्ही बाजूंची कुलपं काढलीत ना, ते बघूनच जोर लावा.
- चोरीच्या भीतीनं खाली जाड पत्रा वेल्डिंग करून घेतलात, तर वजन वाढलं. स्प्रिंगचा ताण तपासून घ्या.
- पोरांना शटरला लटकू देऊ नका.

मिस्त्रीला बोलवायची लक्षणं: शटर अचानक जड होणं, अर्ध्यावरून आपोआप खाली येणं, एक बाजू मागं राहणं, वरून "ठण्ण" असा मोठा आवाज येणं. आवाजानंतर शटर उघडं असेल तर त्याच्या खाली उभं राहू नका.

आपण करायचं नाही: ब्रॅकेटवरचा क्लॅम्प, पाईपचे नट, पुली. ह्यांना पाना लावायचा नाही. व्हिडिओत कितीही सोपं दिसू द्या.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी: जुन्या स्प्रिंगा मोजून बघा, नव्या किती टाकल्या ते विचारा, आणि शटर अर्ध्यावर सोडून दाखवायला सांगा.

आणि एक काम आज रात्रीच करा. दुकान बंद करताना शटर तुम्ही स्वतः ओढा, उद्या सकाळी स्वतः उचला. तुमच्या घरात ते रोज कोण उचलतंय, आई, बाबा की दुकानातला पोरगा, त्यांना किती जोर लावावा लागतोय ते कळेल. जड लागलं, तर त्यांचं वय काढू नका. मिस्त्रीला फोन करा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा!